माझा मुलगा धोकादायक आहे का?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. अमेरिकेत सामूहिक गोळीबार झाला की दुसऱ्या दिवसापासून तोच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते बंदुकांना आवर घाला, दुसरी म्हणते मानसिक रुग्णांना आवर घाला. मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून आयुष्याचा मोठा काळ अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या इमर्जन्सीत काढला. या भांडणात माझे रुग्ण कसे भरडले जातात ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना त्याला बायपोलर, म्हणजे मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. तेव्हा स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला होता. आता लिथियमचं औषध चालू आहे, शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागला आहे. परवा आमच्याकडे मित्रमंडळी जमली होती आणि टीव्हीवर गोळीबाराचीच बातमी होती. एक गृहस्थ म्हणाले, "या मानसिक रुग्णांची सरकारने यादी करून त्यांना बंद करून ठेवलं पाहिजे." मुलगा शेजारीच ताट वाढून घेत होता. काही बोलला नाही, ताट तसंच ठेवून वर गेला. रात्री मला म्हणाला, "आई, मी तसा आहे का?" मी "नाही रे" म्हटलं, पण खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. त्याच्यापासून कुणाला धोका आहे का? आणि तो दाखल झाला होता याची कुठे सरकारी नोंद असते का? – एक आई, ओहायो

उत्तर : ताई, तुम्ही त्याला दिलेलं उत्तर बरोबर होतं. आता तेच त्याला पुन्हा एकदा, निःशंक मनाने सांगा.

अमेरिकेतल्या एकूण हिंसाचारात गंभीर मानसिक आजाराचा वाटा किती, यावर ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांचा अंदाज साधारण ४ टक्के आहे. म्हणजे स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्य उद्या जगातून नाहीसे झाले, तरी १०० मधल्या ९६ हिंसक घटना होतच राहतील. एखादा माणूस हिंसा करेल का, हे ओळखायला आजाराच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी खुणा आहेत. पूर्वी केलेली मारहाण, बायकोवर किंवा मैत्रिणीवर उगारलेला हात, दारू आणि नशा, उघडपणे दिलेल्या धमक्या. यातलं काही तुमच्या पत्रात नाही.

त्या गृहस्थांना एकदा विचारा की कोणाची यादी करायची? युवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा होता. त्याचं कसलंही मानसिक निदान झालेलं नव्हतं. अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर त्याने दुकानातून कायदेशीरपणे रायफली घेतल्या. त्याच महिन्यात बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये १० कृष्णवर्णीय माणसांना मारणारा तरुण वंशद्वेषाने पेटलेला होता आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं होतं. द्वेषावर माझ्याकडे गोळी नाही. लास वेगासमध्ये २०१७ साली हॉटेलच्या खिडकीतून ज्याने गोळ्या झाडल्या, त्याच्याबद्दल तर एफबीआयने सगळं खणून काढलं, तरी कोणतंही एक स्पष्ट कारण हाती लागलं नाही.

म्हणून काही मी आजाराची बाजू झाकून ठेवणार नाही. २०११ साली टूसॉनमध्ये खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळी झाडून ६ जणांचा जीव घेणाऱ्या तरुणाला स्किझोफ्रेनिया होता. त्याची ढासळती अवस्था कॉलेजातल्या लोकांना दिसत होती, उपचार मात्र झाले नव्हते. सार्वजनिक ठिकाणच्या सामूहिक हत्यांचा अभ्यास करणाऱ्यांना साधारण दहातल्या एका घटनेत सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटल्याचा, थेट हात दिसतो. या घटना उपचारांनी टळू शकल्या असत्या. अमेरिकेत लाखो लोक या आजारांसह रोज कामाला जातात, मुलं वाढवतात, कर भरतात. त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांमुळे सगळ्यांना कोंडायचं म्हणणाऱ्याने एकदा तरी सायकियाट्री वॉर्डात येऊन बसावं. तिथे भेटणाऱ्यांत मार देणाऱ्यांपेक्षा मार खाल्लेले जास्त असतात.

नोंदीबद्दल सांगते. १९६८ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार ज्याला न्यायालयाने किंवा तशा अधिकृत मंडळाने मानसिकदृष्ट्या अक्षम किंवा धोकादायक ठरवलं आहे, किंवा ज्याला इच्छेविरुद्ध सक्तीने दाखल केलं गेलं आहे, त्याला बंदूक घेता येत नाही. स्वतःहून दाखल झालेला माणूस या कायद्यात बसत नाही. काही राज्यांचे नियम जास्त कडक आहेत. इलिनॉयमध्ये बंदुकीच्या ओळखपत्रासाठी अर्ज करताना गेल्या ५ वर्षांतलं रुग्णालयातलं वास्तव्य आड येतं. आणि ज्यांची नावं बंदूक विकण्याआधी होणाऱ्या तपासणीच्या यंत्रणेत असतात, त्यांच्याबद्दलही दुकानदाराला फक्त 'विक्री करा', 'थांबा' किंवा 'नकार' एवढंच कळतं, आजार कळत नाही. तेव्हा शेजारीपाजारी कुणी यादी उघडून तुमच्या मुलाचं नाव वाचतंय, ही भीती मनातून काढून टाका.

मला त्याच्याबद्दल काळजी वाटते ती वेगळी. बायपोलरमध्ये रुग्णाच्या हातून सर्वांत जास्त धोका त्याच्या स्वतःच्याच जिवाला असतो. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो हे चांगलं सिद्ध झालेलं आहे, म्हणून ते औषध आणि त्यासाठीच्या रक्ततपासण्या चुकवू देऊ नका. झोप अचानक कमी होऊनही तो टवटवीत दिसायला लागला, पैसे उधळायला लागला, किंवा उलट सगळ्यातून मन काढून घेतलं, तर त्याच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. घरात बंदूक नको. आणि पुढच्या वेळी कुणी तसं बोललं, तर मुलाच्या देखत, त्याला ऐकू जाईल असं, "हे चूक आहे" म्हणा. त्याचा आजार तिथे उघड करायची अजिबात गरज नाही.

प्रश्न : टेक्सासमधल्या अ‍ॅलन गावच्या आउटलेट मॉलमध्ये २०२३ साली गोळीबार झाला. आम्ही तिथे नेहमी जायचो. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात बंदूक घ्यायचं आहे. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही म्हणतात. "वेड्यांच्या हातात बंदुका असताना आपण रिकाम्या हाताने बसायचं का?" हा त्यांचा प्रश्न. घरात आमचा १६ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. मुलगा सध्या गप्पगप्प असतो, मार्कही घसरलेत. मला काही सुचत नाही. – डॅलसजवळून

उत्तर : तुमच्या यजमानांची भीती खरी आहे. त्या मॉलमध्ये ८ माणसं मारली गेली आणि त्या भागात आपली माणसं पुष्कळ राहतात. पण त्यांनी बंदुकीचा विचार करताना मॉलमधल्या अनोळखी माणसाकडे पाहिलं आणि घरातल्या गप्प झालेल्या मुलाकडे पाहायचं राहिलं.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारांतले बळी या आकड्याचा फार लहान भाग आहेत. बंदूक आणि मानसिक आजार यांची खरी गाठ पडते ती इथे, घराच्या बंद खोलीत. आणि त्यासाठी कॅमेरे येत नाहीत, राजकारणी येत नाहीत.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. आत्महत्येचा प्रयत्न केलेलं पोर इमर्जन्सीत आलं की सकाळी मी त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायची. रात्रभराच्या सलाइनने हात सुजलेला, आईबाप भिंतीला टेकून उभे. पोर जवळजवळ नेहमी एकच विचारायचं, "मला शाळेत परत जाता येईल ना?" काल मरायला निघालेलं मूल आज सोमवारच्या पेपरची चिंता करत असायचं. ज्या घरांत बंदूक हाताशी होती, त्या घरांतल्या मुलांशी असं बोलायची वेळ क्वचितच यायची. बंदुकीच्या प्रयत्नातून वाचणारे फार थोडे, तर इतर बहुतेक प्रयत्नांतून बहुतेक माणसं वाचतात. जी वाचतात त्यांतली बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ह्यूस्टनमध्ये मरता मरता वाचलेल्या तरुणांचा अभ्यास झाला होता. त्यांतल्या जवळजवळ पाव जणांनी ठरवणं आणि करणं यांत ५ मिनिटंही गेली नसल्याचं सांगितलं. त्या ५ मिनिटांत हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचं प्रकरण यजमानांना जरूर सांगा. २०२१ च्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी पिस्तूल घेतलं. आठवडा व्हायच्या आत, ३० नोव्हेंबरला, १५ वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र काढलं आणि लिहिलं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शाळेने आईवडिलांना बोलावलं, पण ते त्याला घरी न नेता निघून गेले. दप्तर कुणी तपासलं नाही. पुढच्या काही तासांत ४ विद्यार्थी मारले गेले. २०२४ साली त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी किमान १० वर्षांची शिक्षा झाली. त्या कागदावरचं मदत मागणं आणि घरातलं पिस्तूल, दोन्ही आईबापांना ठाऊक होती.

तुमच्या मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या. त्याला सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या मदतीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. देशात कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत. तो सावरेपर्यंत बंदुकीचा विषय घरात काढूच नका, असं यजमानांना माझ्या नावाने सांगा. त्यानंतरही त्यांना घ्यायचीच असेल तर बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कुठे आहे ते मुलाला माहीत नाही याची खात्री. उशाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली बंदूक घरातल्या प्रत्येक मुलाला सापडते. टेक्सासमध्येही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक हलगर्जीपणामुळे लागली, तर तो गुन्हा धरला जातो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सध्या मुलीकडे न्यू जर्सीत आलो आहे. ऑस्ट्रेलियाने एका घटनेनंतर कायदा केला. अमेरिकेला का जमत नाही?

उत्तर : सर, पोर्ट आर्थरला २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ माणसं मारली गेली आणि १२ दिवसांत तिथल्या सगळ्या राज्यांचं एकमत होऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेण्याची वाट मोकळी झाली. तिथे बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही. अमेरिकेत १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ व्यक्तीचा हक्क असाच लावला. देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. शिवाय सिनेटमध्ये असा कायदा पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात. सँडी हूकला २० चिमुरडी मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेल्यावर, २०१३ साली, खाजगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासायचं विधेयक आलं. त्याला ५४ मतं पडली आणि ते बारगळलं. त्या निकालाचा राग मला आजही आहे. युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये मात्र दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला. त्यात २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त कसून तपासणी आली आणि मानसिक आरोग्यासाठी मोठा पैसाही आला. तुम्हाला तो तोकडा वाटेल. मलाही वाटतो. पण जवळजवळ ३० वर्षांत पहिल्यांदा काही हललं. एवढं मात्र लक्षात घ्या, मानसिक आजार ऑस्ट्रेलियात आहेत, जपानमध्ये आहेत, सगळीकडे आहेत. तिथे शाळांमध्ये असं वारंवार घडत नाही.

प्रश्न : मी इलिनॉयमध्ये एमएस करतोय. माझा रूममेट अमेरिकन आहे. ब्रेकअपनंतर तो रात्र-रात्र जागा असतो, "एक दिवस सगळ्यांना दाखवतो" असं म्हणतो, गेल्या आठवड्यात मला फोनवर बंदुकीचे फोटो दाखवले. कुणाला सांगितलं आणि तसं काही नसलं तर त्याचं आयुष्य बरबाद होईल. मी तर इथे व्हिसावर. काय करू?

उत्तर : आजच सांग. हे वाचून झाल्यावर पुढच्या तासात.

तुझ्या विद्यापीठात अशा तक्रारींसाठी एक पथक असतं, त्यात समुपदेशक, पोलिस आणि प्रशासनाची माणसं असतात. व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ साली ३२ जण मारले गेल्यानंतर अशी पथकं देशभर आली. त्या मारेकऱ्याला डिसेंबर २००५ मध्येच न्यायालयाने स्वतःला धोकादायक ठरवून बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. पण ती नोंद बंदूक विक्रीच्या यंत्रणेपर्यंत पोचली नाही आणि त्याला दुकानातून पिस्तुलं मिळाली. डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयात जा किंवा कॅम्पस पोलिसांना फोन कर. तू पाहिलंस तेवढंच सांग: त्याचे शब्द, तारीख, फोटो. 'तो वेडा आहे', 'तो अमुक करेल' असं काही म्हणू नकोस. अर्थ लावायचं काम त्यांचं. काळजीने माहिती दिल्याने तुझ्या व्हिसाला काही होत नाही.

सिक्रेट सर्व्हिसने शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला तेव्हा ८१ टक्के घटनांत कुणा ना कुणाला आधीपासून कल्पना होती असं आढळलं. मेन राज्यातल्या लुईस्टनला २०२३ साली गोळीबारात १८ जण मेले. मारेकरी लष्कराच्या राखीव दलातला. त्याला भास होत होते, जुलैमध्ये तो रुग्णालयात होता, घरच्यांनी पोलिसांना कळवलं होतं, आणि हा माणूस सामूहिक गोळीबार करेल असं त्याच्या सहकाऱ्यानेच वरिष्ठांना मेसेज करून लिहिलं होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि बंदुका त्याच्याकडेच राहिल्या.

तुझ्या राज्यात यासाठी कायदा आहे. घरातली माणसं, एका घरात राहणारे किंवा पोलिस न्यायाधीशांकडे अर्ज करून त्या माणसाकडच्या बंदुका काही काळ काढून घ्यायला लावू शकतात. याला इथे 'रेड फ्लॅग' कायदा म्हणतात. पहिला १९९९ साली कनेक्टिकटमध्ये झाला, आता वीसहून अधिक राज्यांत आहे. मला तो पटतो, कारण न्यायाधीश निदान विचारत नाहीत, वागणं विचारतात. शिवाय हा फौजदारी खटला नव्हे. मुदत संपली आणि धोका टळला की बंदुका परत मिळतात. कनेक्टिकटच्या अभ्यासातला अंदाज असा की दर १० ते २० जप्तींमागे एक आत्महत्या टळली. तुझ्या मित्राचं आयुष्य बरबाद होण्याबद्दल तू लिहिलंयस. ज्याची रात्र-रात्र झोप उडाली आहे, त्याच्या आयुष्याची काळजी असेल तर हीच वाट आहे. आणि आज रात्री दुसऱ्या कुणाकडे झोपायला जा.

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो, माझ्याकडे परवान्यासह बंदुका आहेत, दर रविवारी नेमबाजीला जातो. तुम्ही डॉक्टर मंडळी सगळं खापर आमच्यावर फोडता. वेड्यांची इस्पितळं कुणी बंद केली, ते सांगा.

उत्तर : तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग अगदी योग्य आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर रुग्ण होते. आज तिथे ४० हजारही खाटा नाहीत. जुनी रुग्णालयं अमानुष होती, ती बंद व्हायलाच हवी होती. पण त्यांच्या जागी गावोगावी जी उपचार केंद्रं उभी राहायची होती, ती पुरेशी झाली नाहीत. मी इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर दिवसच्या दिवस खाटेची वाट पाहणारे रुग्ण पाहिले आहेत. डोक्यावर ट्यूबलाइट चोवीस तास चालू, दाराशी पहारेकरी, आणि बाजूला आई प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यासाठी पैसा मागायला तुम्ही माझ्याबरोबर याल तर मला आनंदच आहे. माझी तक्रार आहे ती नेत्यांबद्दल. २०१९ साली एल पासो आणि डेटनच्या गोळीबारांनंतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले होते की चाप ओढतात ते मानसिक आजार आणि द्वेष, बंदूक नाही. मानसिक आजाराची आठवण फक्त गोळीबारानंतरच्या आठवड्यात होते, आणि त्या आठवड्यात आमच्या रुग्णांच्या वाट्याला उपचारांऐवजी संशय येतो.

तुमच्यावर मी खापर फोडत नाही. उलट तुम्ही करू शकाल असं एक काम आहे, जे मला पांढऱ्या कोटात जमत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून घेतलेल्या बंदुकांनी आठवडाभरात तिघांनी जीव दिला. दुकानदार हादरला, आणि तिथल्या बंदूक विक्रेत्यांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी मिळून मोहीम काढली: गिऱ्हाईक खचलेलं, घाईत आलेलं, बंदुकीची निगा किंवा गोळ्यांबद्दल काहीच न विचारणारं दिसलं तर विक्री थांबवायची. शिवाय मित्राचे दिवस वाईट असतील तर त्याच्या बंदुका घराबाहेर हलवायला मदत करा, असं सांगणारी पत्रकंही दुकानांत लागली. तुमच्या रविवारच्या मंडळींत घटस्फोट झालेला, नोकरी गेलेला, प्यायला लागलेला कुणी असेलच. त्याच्याशी तुम्ही बोला. काही काळ त्याच्या बंदुका दुसरीकडे कुलपात ठेवायच्या असतील तर तुमच्या राज्याचे नियम आधी दुकानात विचारून घ्या, दुकानदारांना ते माहीत असतात. क्लबात हा विषय काढून पाहा, आणि लोक काय म्हणाले ते मला कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा ठेवते.